सासऱ्यांचे दात आणि बस

आरेखकाने गाडी विकून आठ महिने झाले होते, पण सासऱ्यांच्या टोमण्यांना अजून एक दिवसाचीही सुट्टी मिळाली नव्हती. सासरे निवृत्त हेडमास्तर. "गाडी होती तेव्हा साहेब वाटायचात, आता कुरियरवाले वाटता," असं ते जेवताना नेमाने ऐकवायचे. आरेखक कचेरीत सायकलने जायचा, लांबची कामं बसने करायचा आणि गाडीवाचून काही अडत नाही, हे कागदावर रेघा मारून सिद्ध करायचा.

त्या दिवशी मात्र अडलं. जुन्या शाळेत चार वाजता हेडमास्तरांचा सत्कार होता आणि आदल्याच दिवशी त्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. दुरुस्त कवळी दातांच्या दवाखान्यात तीन वाजता मिळणार होती.

"टॅक्शी करा," सासरे म्हणाले.

"कशाला, बाबा? दवाखान्यातून शाळेत सायकलने पंचवीस मिनिटं. साडेतीनला दात तुमच्या तोंडात!"

"चाळीश मिनिटांचं भाशण पाठ केलंय मी."

बायकोने नवऱ्याला बाजूला घेतलं. "उशीर झाला, तर या घरात गाडी येईल. आणि तिचा रंग बाबा ठरवतील."

तीन वाजून पाच मिनिटांनी आरेखक कवळीची डबी घेऊन दवाखान्याबाहेर आला. बघतो तर कुणीतरी स्वतःची सायकल बांधताना कुलपाची साखळी याच्याही सायकलच्या चाकातून ओवून कुलूप ठोकलेलं.

"ही सायकल कुणाची?" त्याने वॉचमनला विचारलं.

"आत गेलेत ते. अक्कलदाढ काढायला."

"जरा बोलवता का?"

"बोलवतो की. पण भूल दिलीय."

आरेखक हेल्मेट हातात घेऊन बसथांब्याकडे धावला. बस लगेच मिळाली, जागाही मिळाली. डबी त्याने हेल्मेटमध्ये ठेवली आणि हेल्मेट मांडीवर. दोन थांब्यांनंतर एक म्हाताऱ्या बाई चढल्या. त्याने उठून जागा दिली. बाई बसल्या आणि म्हणाल्या, "ते टोपडं द्या इकडे. उभ्याने किती सांभाळाल?"

हा चांगुलपणा नडला. शाळेचा थांबा आला, गर्दीने त्याला दारातून जवळजवळ ओतलं, आणि बस निघून गेल्यावर त्याने स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

मागून आलेल्या बसच्या कंडक्टरने त्याची कहाणी शांतपणे ऐकली. "त्या आजी ना? शेवटच्या थांब्याला उतरतात. बसा. पण धीर धरा, पुढे रस्ता खणलाय."

शेवटच्या थांब्यावर बाकावर त्या बाई बसल्या होत्या. मांडीवर हेल्मेट.

"मला वाटलंच तुम्ही याल," त्या म्हणाल्या. "आत पत्ता आहे का म्हणून उघडून बघितलं. दात तुमचे?"

"सासऱ्यांचे."

"मग पळा," बाई म्हणाल्या.

परतीची बस पकडून तो शाळेत पोचला तेव्हा पाच वाजायला आले होते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट चालू होता. लोक उभे होते. पहिल्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. दाराशी सासूबाई भेटल्या.

"आई, काय झालं?"

"काय व्हायचंय! उठले, ओठ मिटून उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग नुसते हात जोडले आणि खाली बसले. अध्यक्ष म्हणाले, ज्या सरांनी आयुष्यभर आम्हाला बोलायला शिकवलं, त्यांना आज शब्द फुटत नाहीत. झालं! सगळी शाळा रडायला लागली."

"मग भाषण?"

"चाळीस वर्षं ऐकलीत त्यांची भाषणं," सासूबाई म्हणाल्या. "लोक उठून उभे राहिले ते आजच."

आरेखक गर्दीतून वाट काढत व्यासपीठाजवळ गेला. हेडमास्तरांना माजी विद्यार्थ्यांनी गराडा घातला होता. कुणी पाया पडत होतं, कुणी गळ्यात पडत होतं, आणि हेडमास्तर ओठ घट्ट मिटून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. घामाने निथळलेल्या जावयाने धीर करून डबी पुढे केली.

"बाबा, चुकलं माझं. हे घ्या."

हेडमास्तरांनी चटकन डबीवर पंजा ठेवला, तोंडासमोर रुमाल धरला आणि त्याच्या कानाशी वाकले.

"आधी ती डबी लपवा," ते पुटपुटले. "लोक अजून रडतायत."