दातार मास्तरांची वहिवाट

दातार मास्तरांनी एकदा एका म्हशीचा कान धरला होता. ती उजव्या बाजूने चालत होती, एवढाच तिचा गुन्हा.

साठ सालानंतरची गोष्ट. मी लोणावळ्याला पोस्टात होतो आणि इंद्रायणीकाठच्या पायवाटेने कचेरीत जायचो. वाट जेमतेम चार फुटांची. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला करवंदीच्या जाळ्या. त्यातूनच आबा वाळुंजांच्या म्हशी, धुण्याच्या बायका, ठाकरवाडीहून मोळ्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, आणि रविवारी मुंबईहून हवा खायला आलेली मंडळी. ही मंडळी हवा खायची ती हातात हात घालून, चौघं चौघं आडवी.

या वाटेवर दातार मास्तर उभे असत. शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. खाकी अर्धी चड्डी, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. "तुम्हाला इथं नेमलं कुणी?" असं विचारलं की म्हणत, "गर्दीनं."

त्यांनी पत्र्यावर वेळापत्रक रंगवून बाभळीला ठोकलं होतं. सहा ते सात म्हशी, सात ते आठ धुणं, आठनंतर हवा. मोळीवाल्यांना वेळेचं बंधन नाही. त्या दिसल्या की बाकीच्यांनी करवंदीत शिरायचं. "ज्याच्या डोक्यावर ओझं, त्याला वाट आधी. रिकाम्या डोक्याच्यांनी थांबा!" हे म्हणताना ते नेमके माझ्याकडे बघत.

आबा एकदा वैतागले. "मास्तर, म्हशीला वाचता येत न्हाई वो."

"तुम्हाला येतं ना?"

"मलाबी न्हाई."

तेव्हापासून मास्तर रोज सहाला वेळापत्रक मोठ्याने वाचून दाखवू लागले. म्हशी शांतपणे ऐकत. आबा तेवढ्यात बिडी ओढून घेत.

मग तो रविवार आला. मुंबईचे एक जाडजूड गृहस्थ भाड्याच्या घोड्यावरून दौडत आले. समोरून मोळीवाल्या. मास्तरांनी हात आडवा केला.

"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" गृहस्थ ओरडले.

"नाही, सगळ्यांचा आहे. म्हणून तर थांबा!" आणि मास्तरांनी शिट्टी फुंकली.

घोडं लोणावळ्याचं. ते जागच्या जागी थांबलं. गृहस्थ थांबले नाहीत. ते घोड्याच्या मानेवरून थेट इंद्रायणीत गेले. पाणी गुडघाभर होतं, पण अपमान डोक्यावरून गेला.

त्यांची वर ओळख असावी. चारच दिवसांत एक अधिकारी आला, पत्रा काढला, शिट्टी मागितली. मास्तरांनी ती धोतराच्या सोग्याने पुसावी तशी चड्डीला पुसली आणि दिली. दुसऱ्या दिवसापासून ते वाटेवर दिसले नाहीत.

पुढच्या रविवारी वाटेवर नुसती चेंगराचेंगरी. म्हशी धुण्यावरून गेल्या, हवा खाणारे म्हशींत अडकले, आणि ठाकरवाडीची चांगुणा मोळीसकट जाळीत पडली. कोपर सोलवटलेलं, तशीच उठली आणि मला म्हणाली, "मास्तर कुटं हायेत? बोलवून आना त्यांना."

मी पुलापलीकडे त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीच तिथे गेलं नव्हतं. हाक मारली, आतून बाईचा आवाज आला, "या."

खाटेवर मास्तरीणबाई होत्या. कमरेखालचं अंग लुळं. सात वर्षं त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"तुम्ही पोस्टातले ना? सारखे उजवीकडून चालणारे?" त्या हसल्या. "मी सगळ्यांना ओळखते. हे रोज येऊन सांगतात, कोण आलं, कोण भांडलं. आबांच्या कुठल्या म्हशीनं काय केलं ते सुद्धा. कालची ती बाई पाहिलीत का हो? खांद्यावर पोपट घेऊन आलेली?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते कोपऱ्यात उभे होते. तीन दिवस वाटेवर पाऊल न टाकलेला माणूस. नंतर कळलं, रोज सकाळी टोपी घालून बाहेर पडायचा, मागच्या ओट्यावर दोन तास बसायचा आणि आत येऊन बायकोला गर्दी सांगायचा. ती गर्दी त्यांनी कुठून आणली असेल, कुणास ठाऊक. ते माझ्याकडे बघत होते. ड्रिल चुकलेल्या पोरासारखे.

"पाहिली की," मी म्हणालो. "पोपट फारच बोलका होता."

मास्तर खिडकीकडे वळले आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

"मास्तर, चला," मी म्हटलं. "चांगुणा पडलीय. सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत."

"शिट्टी नाही."

"हात आहेत ना? टाळ्या वाजवा."

त्यांनी टोपी नीट केली, बायकोच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. "येतो गं. लोक खोळंबलेत."

"या," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, ती पोपटवाली पुन्हा आलीच, तर तिलाही डावीकडूनच जायला सांगा."