रिकाम्या ब्लॉकचा समाजशास्त्रीय अभ्यास

नारायण पेठेतल्या 'सुविचार' सहकारी गृहरचना संस्थेत तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक भाड्याने देणे आहे, ही बातमी दशरथ मेश्रामला त्याच्या बायकोने आणली. शैलाची बँक तिथून चालत तीन मिनिटांवर. सध्याचं बिऱ्हाड कात्रजला, चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, आणि तिला सातवा महिना लागलेला. डॉक्टरांनी जिने चढायला सक्त मनाई केली होती. डॉक्टरांचं काय जातंय मनाई करायला!

ब्लॉकचे मालक न्यू जर्सीला. किल्ली संस्थेचे सेक्रेटरी अनिरुद्ध परचुरे यांच्या खिशात. रविवारी सकाळी दशरथ इस्त्रीचा शर्ट घालून, सॉफ्टवेअर कंपनीचं ओळखपत्र खिशाला लावून त्यांच्या दारात उभा राहिला.

"आपलं नाव?"

"दशरथ."

"हो, पण पुढचं?"

"मेश्राम."

"अस्सं. म्हणजे कुठले आपण?"

"भंडाऱ्याचे."

"ते झालं. मूळचे?"

"मूळचेही भंडाऱ्याचेच."

"वा! तांदूळ काय सुरेख होतो तिकडे," परचुरे म्हणाले. "ब्लॉक कालच गेला हो."

ब्लॉकला कुलूप होतं आणि कुलपावर चांगलं आठवडाभराचं कोळ्याचं जाळं होतं. दशरथ पडला संगणकातला माणूस. प्रोग्राम अडला की शिव्या न घालता कारण शोधायचं, ही त्याची सवय. इथेच बिचारा फसला. त्याने संस्थेला नम्र अर्ज केला: ब्लॉक मला का मिळत नाही, याचं कारण कृपया लेखी कळवावं.

आता तोंडी 'नाही' कुणीही म्हणेल. लेखी 'नाही' म्हणायला छाती लागते. त्यातून सुविचार ही सुसंस्कृत संस्था. समतेवरच्या व्याख्यानांना इथले सभासद पहिल्या रांगेत बसतात. तातडीची सभा भरली. अध्यक्षा सुशीलाबाईंना गहिवरून आलं. "पस्तीस वर्षांत आपल्याकडे असं एकही कुटुंब राहायला आलेलं नाही! का बरं? हे आपण मुळातून समजून घ्यायला हवं."

समजून घ्यायला हवं यावर एकमत झालं. ब्लॉक द्यायला हवा, असं कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या मजल्यावर समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक श्याम आगटे राहत. गेली अकरा वर्षं त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, घरचेसुद्धा. त्यांची अभ्यास समिती नेमली गेली, आणि अहवाल येईपर्यंत ब्लॉक कुणालाच देऊ नये असा ठराव झाला. निःपक्षपातीपणा म्हणजे निःपक्षपातीपणा.

पहिल्या बैठकीला दशरथला बोलावणं आलं. आगट्यांनी वही उघडली. "पहिला सिद्धान्त संस्कृतीचा. घरात शिक्षणाची आस नसते, म्हणून माणूस मागे राहतो."

"सर, मी एम. टेक. आहे. बायको बँकेत अधिकारी आहे."

"मग तुम्ही अपवाद. अपवाद नमुन्यात धरत नाहीत," आगटे म्हणाले आणि त्यांनी वहीतून दशरथलाच खोडलं.

तीन आठवड्यांनी दुसरी बैठक. "समाज म्हणजे शरीर बरं का, मेश्राम. प्रत्येक अवयव आपापल्या जागी असला की प्रकृती ठणठणीत राहते."

"मग माझी जागा कुठली, सर?"

"सध्या आपण राहता कुठे? कात्रजला ना? ते ठीकच आहे."

तिसऱ्या बैठकीत ओळखींचा सिद्धान्त निघाला. ब्लॉक मिळायला दोन सभासदांची शिफारस लागते, आणि शिफारशीला ओळख लागते. "इथे राहायला आलो की होईल ना ओळख," दशरथ म्हणाला.

"नेमकं!" आगट्यांनी मांडीवर थाप मारली. "यालाच दुष्टचक्र म्हणतात. काय छान बोललात! थांबा, लिहून घेतो."

घरी शैला जिन्याच्या दुसऱ्या वळणावर स्टुलावर बसून धापा टाकत होती. हे स्टूल शेजारच्या वेणूबाईंचं. वेणूबाईंनी कुठलाही सिद्धान्त वाचलेला नव्हता. पोटुशी बाई दमते एवढं पाहून त्यांनी ते तिथे आणून ठेवलं होतं.

"काय म्हणते तुमची समिती?" शैलाने विचारलं.

"दुष्टचक्र सापडलं म्हणतात."

"अन् किल्ली?"

दशरथने तिच्या हातातली पिशवी घेतली. "अहो, यांचा अभ्यास होईपर्यंत पोर शाळेत जाईल," ती म्हणाली आणि कठडा धरून उठली.

तेव्हा मात्र दशरथचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो थेट परचुऱ्यांकडे गेला. "साहेब, अभ्यास राहू द्या. बायकोला नववा लागलाय. किल्ली द्या."

परचुरे मनापासून दुखावले. "अहो मेश्राम, रागावताय कुणावर? दोष व्यक्तीचा नसतो, रचनेचा असतो. सरांनी सप्रमाण सिद्ध केलंय. मी काय रचना आहे?"

"पण किल्ली तुमच्या खिशात आहे."

"ती रचनेनेच ठेवलीय हो!"

महिन्याभरात अहवाल तयार झाला. एकशे चाळीस पानं, सात तक्ते. निष्कर्ष असा, की संस्थेत विषमता आहे, ती खोलवर रुजलेली आहे आणि तळमजल्यावरचा रिकामा ब्लॉक हा तिचा ढळढळीत पुरावा आहे. दशरथला वाटलं, सुटलो एकदाचे! तो आगट्यांना म्हणाला, "सर, मग आता तरी ब्लॉक..."

आगटे पांढरेफटक पडले. "तुम्हाला दिला तर अहवाल खोटा पडेल, मेश्राम! विषमतेचा इतका शुद्ध पुरावा, तोही दोन जिने उतरल्यावर, कुणाला मिळतो? परदेशी विद्यापीठाने दुसऱ्या खंडासाठी अनुदान मंजूर केलंय. त्या ब्लॉकला आता हात लावायचा नाही. तुमच्याच समाजाच्या भल्यासाठी सांगतोय."

शैलाला कळा सुरू झाल्या त्या जिन्यात. वेणूबाई सोबत होत्या म्हणून निभावलं. मुलगी झाली रिक्षात, स्वारगेटच्या अलीकडे. दोघी सुखरूप. आगट्यांनी ही घटना अहवालात तळटीप म्हणून घेतली.

प्रकाशन समारंभाला दशरथला प्रमुख पाहुणा केलं. शाल, श्रीफळ आणि अहवालाची एक प्रत, सवलतीच्या दरात. सुशीलाबाईंनी डोळे पुसले. परचुऱ्यांनी रचनेचा कडक शब्दांत निषेध केला. सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. मग दशरथ बोलायला उठला. आवाज ऑफिसातल्यासारखाच होता.

"अहवाल उत्तम आहे. मला एवढंच विचारायचंय, इथे ज्यांच्याकडे भाड्याने द्यायला रिकामी जागा आहे, त्यांनी कृपया हात वर करावा."

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतले चपला शोधायला लागले. कुणीतरी चहा तयार असल्याचं जाहीर केलं, आणि एवढं विचारी सभागृह अर्ध्या मिनिटात रिकामं झालं.

वाचकहो, तुम्ही त्या गर्दीत नव्हता, हे नशीब. तुम्ही तर मघापासून परचुऱ्यांना हसताय. हसा, हसा, पैसे पडत नाहीत. फक्त एक करा. दशरथची जात या गोष्टीत मी कुठेही लिहिलेली नाही. हवं तर पुन्हा वाचून बघा. तुम्हाला ती त्याच्या आडनावावरूनच कळली. परचुऱ्यांनाही तेवढंच पुरलं होतं.