चंद्रावरची पट्टी आणि काकूंची पिन

निरोप समारंभाला निघायच्या ऐन वेळी काकांच्या पँटचा हूक तुटला. दुसरी पँट धोब्याकडे. काकू सुईत दोरा ओवेपर्यंत काकांनी तिथे बुटांना असते तशी व्हेल्क्रोची पट्टी डकवूनसुद्धा टाकली.

"साधीसुधी समजू नकोस हिला. चंद्रावर जाणाऱ्यांसाठी खास शोधलीय!"

"तिथे माणूस पिसासारखा हलका होतो म्हणे. तुमचं पोट इथलं आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

काकूंनी सुई परत डब्यात ठेवली. जन्मभर कचेरीत मान खाली घालून राबलेला माणूस आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर भाषण करणार होता. त्याचं हसं होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

काका माइकसमोर उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला, आणि त्यांच्याआधी पट्टीच बोलली. फर्रर्र! माइक नेमका पोटापाशी. पहिल्या रांगेतले साहेब छताकडे बघू लागले. साहेबीणबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"अहो, पट्टी आहे ती, पट्टी!" काका कळवळून म्हणाले. मग तर मागच्या रांगांना हसू आवरेना.

टेबलाआड सरकून काकांनी पट्टी गच्च दाबली. त्या गडबडीत टेबलावरच्या लोकरी कापडाची कडही तिच्यात अडकली. चार शब्द बोलले, तेही बरे बोलले. पण वळून निघाले तसं कापडही निघालं. त्यामागून फुलदाणी, पाण्याचा जग, सत्काराचा नारळ, सगळी वरात! साहेबांनी धावत येऊन कापड ओढलं. कापड सुटलं, सोबत पट्टीही सुटली, आणि पँट खालचा रस्ता धरू लागली.

तेवढ्यात काकू मंचावर. खांद्यावरची सेफ्टी पिन काढून त्यांनी खचकन पँटला मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा वहिनी! कोणी शोधली असेल हो ही पिन?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आजीनं," काकू फणकारल्या. "चंद्राकडे न बघता!"

आठवड्याने शेजारीण धापा टाकत आली. "काकू, पिन तुमच्या आजीनं शोधली आणि बोलला नाहीत कधी! हे बघा, मोबाइलवर आलंय, फोटोसकट!"

फोटोतली बाई काकूंनी जन्मात पाहिली नव्हती. काका पेपर खाली करून म्हणाले, "सांग आता खरं काय ते. चंद्रावरून मला हसत होतीस ना?"

काकूंनी चष्मा लावला. फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"नाक आमच्याकडचंच आहे," त्या म्हणाल्या.