रक्तातली मासोळी

शालिग्रामकाका मासोळीशी भांडतात. मोताळ्याच्या आठवडी बाजारात बाकीची गिऱ्हाइकं तोलून घेतात आणि निघतात. हे मात्र एकेक मासोळी उचलणार, कल्ला उघडून पाहणार आणि विकणाऱ्या बाईला सुनावणार, "ही परवाची होय. लिहून घे!" उभी हयात धरणावर चौकीदारी केली, त्यामुळे मासोळीतलं आपल्यालाच कळतं अशी त्यांची खात्री. पाऊस येणार, लिहून घे. सरपंच पडणार, लिहून घे.

अशा माणसाकडे मी फॉर्म घेऊन गेले, तिथंच चुकलं. मी या गल्लीची आशाताई. शहरातून डॉक्टर लोक आले होते, कोण किती मासे खातं ते तपासायला. आधी विचारायचं, मग रक्त घ्यायचं. कारण माणूस तोंडानं काहीही सांगतो, पण मासोळीतलं तेल रक्तात उतरतं. खाल्ली असेल तर दिसतं, नसेल तर नाही.

"आठवड्यातून दोनदा. दर खेपेले चार तुकडे. लिहून घे!" काका म्हणाले.

वत्सलाकाकू खाटेवरून म्हणाल्या, "हाव बाई, माह्यापेक्षा हेच जास्त खातात." काकूंना लकवा मारल्यापासून उठता येत नाही, नजरही अधू झालीय. दोघांचं रक्त घेतलं, आणि बाटल्यांवर नावं मी स्वतः टाकली.

महिन्याभरानं डॉक्टरांचा माणूस घरोघर कागद देऊन गेला. काकूंच्या रक्तात मासोळी भरपूर. काकांच्या रक्तात जवळजवळ काहीच नाही.

झालं! काकांनी गाव डोक्यावर घेतलं. पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या ओट्यावर एकच बोंब, "या बाईनं बाटल्या बदलल्या! माह्या नावावर दुसऱ्याच कोनाचं रक्त टाकलं!" अरे, दहा वर्षं मी लेकरं लसीला नेतेय, बाळंतिणी दवाखान्यात पोचवतेय. एकीचं नाव दुसरीच्या कागदावर गेलं नाही! आणि परवा एक गरोदर बाई मला तोंडावर म्हणाली, "मी नाही येत तपासणीले. तुमच्या हातानं बाटल्या बदलतात म्हणे." माझं डोकंच फिरलं.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी तरातरा काकांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. काका खाटेशी बसून मासोळीचे काटे काढत होते, काकूंपुढे घास धरत होते. काकू तोंड फिरवत होत्या.

"तुम्ही खाल्लं का?" काकूंनी त्यांना विचारलं.

"मी चुलीपाशीच चार तुकडे हाणले. तू खाय."

चुलीपाशी त्यांचं ताट होतं. भाकर आणि ठेचा. मासोळीचा काटासुद्धा नाही.

"हे चार तुकडे का, काका?" मी कडाडणार, तेवढ्यात त्यांनी मला अंगणात ओढलं.

"हळू बोल व बाई." हा माणूस मला हळू बोल म्हणतो! "तिले लकवा मारला तवाच नवस बोललो. ती पायावर उभी राहेपर्यंत मासोळी सोडली. तिले दुसरं काही जात नाही. मी सोडली हे तिले कळलं तं तीबी खानार नाही. अन् तुमच्या त्या मानसानं कागद तिच्यासमोरच मोठ्यानं वाचला. मंग मी काय करू?"

"म्हणून माझी अब्रू काढायची? गावभर?"

"चौकात बोललो तं तिच्या कानावर येते. अन् नाव कोनाचं घेऊ? दुसरं कोनी सुचलंच नाही."

ऐका! सुचलं नाही म्हणे! असा संताप आला, की त्या गल्लीतल्या एकेकाला बोलावून ते ताट दाखवावं असं वाटलं.

आतून काकूंचा आवाज आला. "आशाताई होय का व? कागद आल्यापासून माह्या घशाखाली घास उतरत नाही. खरं सांगजो, हे खातात का नाही?"

काका माझ्याकडे बघत उभे राहिले. एवढ्या तोंडाळ माणसानं नुसते हात जोडले.

मी आत गेले, खाटेच्या काठावर बसले. उद्या हे गल्लीभर होणार हे मला दिसत होतं. त्या गरोदर बाईला मी काय तोंड दाखवणार, देव जाणे.

"काकू, माझीच चूक झाली," मी म्हटलं. "बाटल्या मीच बदलल्या."

काकूंनी मोठा सुस्कारा सोडला. "मंग ठीक हाये. पन बाई, पुढच्या टायमाले नीट ध्यान देत जा," त्या म्हणाल्या आणि घासासाठी तोंड उघडलं.