डाव्या मुठीतल्या सासूबाई

हेडक्लार्कांनी मूठ वळायचं ठरवलं ते न्हाव्याच्या दुकानात. नंबर लागेपर्यंत हातात आलेल्या जुन्या मासिकात लिहिलं होतं, की उजव्या हाताच्या माणसाने काही पाठ करताना उजवी मूठ घट्ट आवळावी आणि तेच आठवताना डावी. डावऱ्यांनी याच्या उलट. मेंदूचा जो अर्धा भाग हवा असतो तो त्यामुळे जागा होतो म्हणे. पुढचं पान कोणीतरी वस्तरा पुसायला फाडून नेलं होतं, त्यामुळे शास्त्र तिथेच संपलं.

गरज तर होतीच. हेडक्लार्क एका बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात होते. लोकांनी बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे आणि (एकदा) दातांची कवळी यांच्यावर त्यांचा संसार चालला होता. ते स्वतः जे विसरत त्यासाठी मात्र खातं नव्हतं, बायको होती. आणि गेल्या महिन्यात ते जे विसरले ते काही छत्रीएवढं साधं नव्हतं. सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, "आलोच" म्हणून ते खाली उतरले आणि घरी येऊन, जेवून, झोपले. सासूबाईंना संध्याकाळी कंपाउंडरने आणून सोडलं. तेव्हापासून बायको त्यांच्याशी बोलत नव्हती आणि सासूबाई बोलायच्या थांबत नव्हत्या.

शेवटी बायको बोलली. "उद्या आईची पुन्हा तपासणी आहे. तिला घेऊन आलात तर या. नाहीतर तिकडेच राहा."

आता प्रश्न एवढाच होता की आपण नक्की कोण, डावरे की उजवे? हेडक्लार्क लिहीत उजव्या हाताने, पण बाटलीचं झाकण उघडत डाव्याने. त्यांनी मोठ्या बहिणीला फोन लावला.

"ताई, मी लहानपणी डावरा होतो का गं?"

"होतास की! डाव्या हाताने जेवायचास म्हणून बाबा किती ओरडायचे."

"मग उजवा कधी झालो?"

"प्लॅस्टर काढल्यावर."

"कसलं प्लॅस्टर?"

"अरे, जिन्यावरून पडून हात मोडला होता ना! विसरलास?" मग ताईलाच शंका आली. "की तो धाकटा पडला होता? थांब हं, मला वाटतं मीच पडले होते."

(विसरणं या घराण्यात कोणालाच शिकवावं लागलं नव्हतं.) पण बाबा ओरडले होते, म्हणजे काहीतरी असणार, असं म्हणून हेडक्लार्कांनी स्वतःला डावरा ठरवून टाकलं. पाठ करताना डावी मूठ, आठवताना उजवी.

पहिली चाचणी ऑफिसातच झाली. साहेबांनी बोलावून विचारलं, "त्या निळ्या सुटकेसचं काय झालं?"

हेडक्लार्कांनी उजवी मूठ आवळली आणि जोर यावा म्हणून साहेबांच्या टेबलावर टेकवली. साहेबांनी खुर्ची हळूच मागे घेतली.

"हे बघा, तुमची बढती मी अडवलेली नाही. वरूनच नकार आला."

"सुटकेस मालक परवा घेऊन गेला," हेडक्लार्क म्हणाले. आठवलं होतं! त्या आनंदात बढती काय होती हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी निघताना बायकोने त्यांच्या हाताकडे पाहिलं. "मुठीत काय आहे?"

"आई."

"झाकलीच राहू द्या," बायको म्हणाली.

दवाखान्यात थेंब घातल्यावर सगळं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, म्हणून सगळ्या पेशंटना सारखेच काळे चष्मे दिले होते. हेडक्लार्कांनी डावी मूठ आवळली आणि परीक्षेला बसल्यासारखं घोकलं: राखाडी स्वेटर, काळा चष्मा, खिडकीजवळची खुर्ची. डॉक्टरांनी डोळे तपासले, आता घरी न्या म्हणाले. सासूबाईंना पुन्हा खुर्चीत बसवून हेडक्लार्क टॅक्सी आणायला गेले. टॅक्सी मिळायला बराच वेळ लागला. एकदाची मिळाली तेव्हा वर येऊन त्यांनी उजवी मूठ आवळली आणि काय सांगावं, सगळं लख्ख आठवलं! खिडकी होती, खुर्ची होती, राखाडी स्वेटर होता, काळा चष्मा होता. तोंडाकडे बघायची गरजच उरली नव्हती.

"चला," म्हणून त्यांनी आधार दिला.

टॅक्सीत त्या म्हणाल्या, "किती जपता हो! तुमच्यासारखा जावई मिळायला नशीब लागतं, जावईबापू."

हेडक्लार्कांना भरून आलं. (खरं तर इथेच शंका यायला हवी होती.)

बायकोने दार उघडलं. "आई कुठंय?"

"या काय!"

"या कोण?"

बाईंनी चष्मा वर केला, डोळे बारीक करून दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "जावईबापू, हे कोणाकडे आणलंत मला? आणि तुमचे केस कुठे गेले?"

तिघं टॅक्सीने परत फिरली, बायको बाईंचा हात धरून. दवाखान्यात एक दाट केसांचा गृहस्थ कंपाउंडरची कॉलर धरून उभा होता. त्याने आपल्या सासूबाईंना ताब्यात घेतलं आणि हेडक्लार्कांकडे असं पाहिलं, की त्यांच्या दोन्ही मुठी आपोआप उघडल्या.

हेडक्लार्कांच्या स्वतःच्या सासूबाई मात्र दिसेनात. खिडकीतून गार वारा येतो म्हणून नर्सने त्यांना मघाशीच मागच्या कोपऱ्यात हलवलं होतं. त्या तिथे निवांत बसल्या होत्या. शेजारच्या स्टँडवर कोणाचा तरी लांब कोट टांगलेला होता.

"आई, माफ करा," हेडक्लार्क पुढे होऊन पुटपुटले, "माझं जरा..."

"माफी कसली?" सासूबाई कोटाकडे वळून म्हणाल्या. "इतका वेळ माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. मध्ये एकदाही तोंड घातलं नाहीत. आज पहिल्यांदा वाटलं, पोरीने माणूस चांगला निवडला."

आणि त्यांनी मायेने कोटाच्या बाहीवरून हात फिरवला.