गोदामावशी सुसंगत होत नाही

शासनाला नागरिकांच्या नीतीची चिंता वाटू लागली आणि ती नेहमीप्रमाणे प्राथमिक शिक्षकाकडे वर्ग करण्यात आली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या सडेबंदर वाडीच्या शाळेतल्या आत्माराम तांबे गुरुजींना एक अ‍ॅप, गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र आणि सात दिवसांची मुदत मिळाली. माणसाची विचारसरणी, धार्मिकता आणि नीतिमूल्यं विचारून भरायची होती. अ‍ॅप चाळीस देशांतल्या माणसांच्या उत्तरांवर बेतलेलं होतं. त्यामुळे कुठल्या पक्षाचा माणूस देव किती मानतो आणि पाप कशाला म्हणतो, हे त्याला माणसाच्या आधीच ठाऊक असे.

गुरुजी पहिल्यांदा गेले गोदामावशीकडे. ती बाजारातल्या आपल्या ओट्यावर बांगडे कापत होती.

"मावशी, तुमचा पक्ष?"

"ग्रामपंचायतीला एक, आमदारकीला दुसरा. दोघंपण जेटी बांधतो म्हणाले, दोघांनीपण बांधली नाय."

"देव मानता?"

"म्हंजे काय! सोमवार कडक धरते. पण गेल्या पावसात आमची होडी फुटली, तवापास्नं त्याच्याशी बोलणं टाकलंय."

"मग सोमवार?"

"धरते. बोलत नाय."

"आंतरजातीय विवाह योग्य की अयोग्य?"

मावशीची कोयती थांबली. "अयोग्य. माझ्या लेकीनं केलान. मला विचारलान असतान, तर नायच म्हटलं असतं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "जावई मात्र गुणी हाय. चांगले बांगडे पहिले त्यालाच धाडते. हे लिहू नका."

गुरुजींनी सगळं खरंखरं भरलं आणि बटण दाबलं. पडदा लाल झाला : 'अशी व्यक्ती अस्तित्वात नाही.'

दोन दिवसांत वाडीतल्या दोनशे अकरा व्यक्ती अस्तित्वात नसल्याचं निष्पन्न झालं. त्यांत स्वतः गुरुजीही होते. एकटा रूपेश हिरवा आला. चार वर्षांत तीन पक्ष फिरून आलेला हा कार्यकर्ता प्रत्येक प्रश्नाला चालू पक्षाच्या पत्रकातलं उत्तर देत असे. मध्ये स्वतःचं मत घालायची वाईट सवय त्याला नव्हती.

चौथ्या दिवशी तालुक्याहून पत्र आलं. वाडीची लोकसंख्या एक असल्याने मासळीबाजारातले ओटे अतिरिक्त ठरले होते. शाळेचा पटही शून्य होता, कारण अस्तित्वात नसलेल्या पालकांना पाल्य असण्याची तरतूद नव्हती. सबब शाळा बंद.

गुरुजी धावत तालुक्याच्या साहेबांकडे गेले. "साहेब, ही माणसं मी रोज बघतो!"

"ते तुमचं वैयक्तिक निरीक्षण झालं," साहेब शांतपणे म्हणाले. "त्यांना सुसंगत करा. प्रश्न मिटेल."

गुरुजी पुन्हा ओट्यापाशी येऊन उभे राहिले. मावशीच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाले, "मावशी, एकच उत्तर बदला. एक तर देव मानत नाही म्हणा, नाहीतर जावई पसंत नाही म्हणा. ओटा राहील."

"म्हंजे देव काढू नायतर जावई?" मावशीनं हात धुतले, पदराला पुसले. बराच वेळ ती ओट्याच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवत राहिली. "वीस वरसं बसले हितं. ओटा काढा, गुरुजी."

गुरुजी शाळेत गेले, दार लावून बसले आणि रूपेशची उत्तरं एकेकाच्या नावावर चढवू लागले. आधी स्वतःच्या, मग सगळ्या वाडीच्या. गोदामावशीच्या नावाशी बोट अडलं. तेवढं एक नाव त्यांनी तसंच सोडलं आणि ही आपली सचोटी आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

शाळा वाचली, ओटे वाचले. एक ओटा गेला. मावशी रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसू लागली. महिन्याभरात सडेबंदरला 'आदर्श नीतिमान वाडी' पुरस्कार जाहीर झाला. समारंभाचा अध्यक्ष रूपेश होता, चौथ्या पक्षातर्फे. गुरुजी सत्यनिष्ठेवर बोलले. त्यांचा आवाज एकदाच अडखळला, तो श्रोत्यांना भावनावेग वाटला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तालुक्याच्या त्या सभागृहात बाहेरगावचे भाविक होते, नास्तिक होते, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते होते, वाचनालयाचे सुजाण सभासद होते. प्रत्येकानं आपापला फॉर्म भरला होता आणि एकाचाही लाल झाला नव्हता.

आपणही भरला असेलच. रंग विचारत नाही. इथपर्यंत निर्धास्त हसत आलात, त्या अर्थी हिरवाच असणार.