गाडीचे दात आणि सासूबाईंची दाढ

सकाळचा शेवटचा पेशंट साडेअकराला गेला आणि डॉक्टरांनी दवाखान्याच्या खुर्चीशेजारी आपली रिमोटची गाडी उताणी टाकली. चार वाजता मैदानावर शर्यत होती आणि गाडीत नवी मोटर बसवायची होती. घरी जेवणाच्या टेबलावर ग्रीसचा डाग पडल्यापासून गाडीला घरबंदी झाली होती. आणि दातांच्या दवाखान्यात काय कमी होतं? लख्ख दिवा, डोळ्यांवर चढवायची भिंगं, बारीक चिमटे, दांडीच्या टोकाचा इवलासा आरसा. एवढी आयुधं हाताशी असताना माणसाने गाडी दुसरीकडे कुठे खोलावी, हे डॉक्टरांना खरोखरच कळत नसे.

मोटरच्या दांडीवर एक छोटं दातेरी चाक बसतं आणि ते गाडीतल्या मोठ्या चाकाला फिरवतं. दोघांचे दात घट्ट भिडले तर मोटर तापते. सैल राहिले तर दात झिजून चाक गुळगुळीत होतं. मधे कागदाच्या जाडीएवढीच फट हवी. बाकीचे शर्यतवाले त्यासाठी वर्तमानपत्राची पट्टी घालतात. डॉक्टर आपला पेशंटला चावायला द्यायचा निळा कागद घालत. कुठला दात उंच लागतोय ते निळ्या ठिपक्यांवरून दिसे. चौथ्या कागदाला हवे तसे ठिपके उठले आणि डॉक्टर स्वतःवरच खूश झाले. आता छोटं चाक दांडीवर पक्कं करणारा स्क्रू तेवढा आवळायचा होता. स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि त्याला डोकंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या.

"जावईबापू, दाढेतलं सिमेंट पडलं. तुम्ही मोकळे दिसताय, घ्या करून."

सासूबाईंनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त केल्या होत्या. कुठली वस्तू कुरकुरली की त्यांचा पाय तिथेच अडे. लग्नात त्यांनी जावयाला पहिला प्रश्न विचारला होता तो म्हणजे, "तुमच्या स्कूटरचा आवाज असाच येतो की आज येतोय?" त्यांच्यापुढे गाडीशी खेळताना सापडणं डॉक्टरांना परवडणारं नव्हतं. त्यांनी गाडीवर पेशंटच्या गळ्यात बांधायचा रुमाल टाकला, सुटे भाग ट्रेच्या कोपऱ्यात सारले आणि वीस मिनिटांत दाढ भरून टाकली.

"हा कागद चावा. आता घासा इकडे तिकडे. ठीक?"

"जरा उंच लागतंय. आणि मघाशी घशाखाली काहीतरी गेलं."

"पाणी असेल. आणि उंचीची सवय होईल, आई. बाहेर बसा, ही तीन वाजता तुम्हाला न्यायला येईल."

सासूबाई बाहेर जाऊन बसल्या. डॉक्टरांनी रुमाल उचलला, भिंगं चढवली, ट्रेच्या कोपऱ्यात चिमटा नेला. स्क्रू नव्हता.

त्यांनी ट्रे उपडा केला, खुर्चीखाली बॅटरी मारली, स्वतःची चप्पल झटकली. हे काय चाललंय ते सिस्टरला सांगावंच लागलं. सिस्टर दवाखान्यात डॉक्टरांपेक्षा जुनी होती आणि बोलताना शब्द वाया घालवत नसे. तिने तोंडातलं पाणी ओढायच्या नळीची बाटली गाळून पाहिली, चूळ भरायच्या भांड्याची जाळी काढून पाहिली.

"नाही," ती म्हणाली. "सर, तो ट्रे सासूबाईंच्या हनुवटीखालीच होता ना?"

"होता."

"आणि त्या म्हणाल्या, घशाखाली काहीतरी गेलं."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. दाराच्या काचेतून दोघांनी एकदमच बाहेर पाहिलं. सासूबाई मासिक चाळत शांत बसल्या होत्या. मधेच त्यांनी पोटावरून हात फिरवला.

स्क्रू पोटात गेला असेल तर एक वेळ निभावेल, पण छातीत अडकला असेल तर? आणि बायकोला सांगायचं कसं? तुझ्या आईला मी माझ्या खेळण्यातला स्क्रू खायला घातला, हे वाक्य कसंही फिरवलं तरी सुधारत नव्हतं. नेमका त्याच वेळी तिचा फोन आला.

"अहो, आईचं झालं का? बरी आहे ना ती?"

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "आतून बाहेरून उत्तम. तू सावकाश ये."

मग त्यांनी तोंडावर हसू चिकटवलं आणि सासूबाईंना वरच्या मजल्यावरच्या एक्स-रेवाल्याकडे घेऊन गेले.

"कशाला?" सासूबाईंनी जिन्यातच विचारलं.

"दाढेचं मूळ किती खोल गेलंय ते बघू म्हटलं."

एक्स-रेवाल्याने मशीन त्यांच्या छातीपोटासमोर आणली तेव्हा सासूबाईंनी खाली पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. "इतकं खोल?"

"खात्री केलेली बरी, आई."

"अंगावर दागिना वगैरे?" एक्स-रेवाल्याने विचारलं.

"एकही नाही," सासूबाई म्हणाल्या.

पाच मिनिटांनी एक्स-रेवाल्याने डॉक्टरांना आत बोलावून पडद्याकडे बोट दाखवलं. कमरेपाशी, उजव्या बाजूला, एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता. त्याने चित्र मोठं केलं.

"स्क्रू आहे, डॉक्टर. आटेसुद्धा मोजता येतायत. काय खाल्लं यांनी?"

डॉक्टरांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं. त्यांना आपला संसार, दवाखाना आणि दारावरची पाटी एका ओळीत डोळ्यांसमोरून जाताना दिसली. मग सवयीने त्यांनी भिंगं खाली ओढली आणि पडद्याला नाक लावलं.

"थांब. याला डोकं आहे!"

"मग?"

"माझ्या स्क्रूला डोकं नाही!" डॉक्टर आनंदाने जवळजवळ ओरडलेच. "हा माझा नाही!"

मागोमाग जिना चढून आलेल्या सिस्टरचा आवाज आला. "म्हणजे त्यांच्या पोटात दोन आहेत?"

डॉक्टरांचा आनंद जागच्या जागी विरला.

"कोणाच्या पोटात काय दोन आहे?" दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पडदा पाहिला, जावयाचा चेहरा पाहिला आणि कमरेला खोचलेल्या छोट्या पिशवीत दोन बोटं घालून एक स्क्रू काढला. "हा शोधताय? हा माझा. शेजारणीच्या मशीनचा आहे, याच्या जोडीचा दुकानातून आणायचाय. हा काही दागिना नव्हे, म्हणून सांगितला नाही. आता तुमचा कुठला ते सांगा."

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. गाडी, मोटर, ट्रे, घसा. बोलताना त्यांची नजर पूर्ण वेळ जमिनीवर होती. सासूबाईंनी आपला स्क्रू पिशवीत परत ठेवला.

"स्क्रू लोखंडाचा?"

"पोलादी."

"मोटरमधे चुंबक असतं ना?"

"असतं. चांगलं जबरदस्त अस…" डॉक्टर थांबले.

"मग माझं पोट काय तपासताय? मोटर तपासा."

तिघं जिना उतरून खाली आले. डॉक्टरांनी दांडीचा आरसा मोटरच्या खालच्या बाजूला धरला. तिथे हवा जायच्या खाचेत, काठाला बिलगून, स्क्रू आरामात बसला होता. गाडीवर रुमाल टाकताना तो ट्रेतून उडाला असणार आणि मोटरने त्याला वरचेवर झेललं असणार. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. सिस्टरने कोणी न सांगता त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्यांनी तो एका दमात संपवला.

"आई, मी तुम्हाला काय सांगू… फार घाबरलो होतो हो."

"दिसलं ते," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. "सरका. चिमटा द्या."

त्यांनी स्क्रू काढला, दांडीच्या सपाट बाजूवर बरोबर आणून आवळला, बोटाने चाक फिरवलं आणि कान जवळ नेला. गाडीतून हलकीशी सरसर आली, बाकी काही नाही.

"फट छान ठेवलीय. हात आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना पंधरा वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी. त्यांनी घड्याळात पाहिलं. पावणेतीन. शर्यत आरामात गाठता येणार होती.

सासूबाई मात्र ट्रेकडे बघत होत्या. त्यांनी ट्रेतून वापरलेले निळे कागद एकेक करून उचलले आणि टेबलावर ओळीने मांडले.

"हे चार कोणाचे?"

"गाडीचे. दात नीट बसलेत का बघायला…"

"आणि हा एकटा?"

"तुमचा."

सासूबाई खुर्चीवर जाऊन बसल्या, मान मागे टेकली आणि आ वासला.

डॉक्टरांनी गाडी उचलून खिडकीत ठेवली, दिवा ओढला आणि सिस्टरकडे हात केला.

"कागद," ते म्हणाले. "अख्खं पाकीट दे."